पशुवैद्यकीय शरीररचनेतली अवकाशीय समज कशी तपासावी: नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शक

पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, तर पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेची जबाबदारी फार लवकर तुमच्याकडे येते. विभागात स्पॉटिंगची जुनी यादी तयारच असते. टेबलांवर हाडं आणि फॉर्मॅलिनमधले अवयव मांडायचे, एका खुणेवर बाण चिकटवायचा, शेजारी ‘ओळखा’ असं लिहायचं आणि घंटा वाजली की मुलांनी पुढे सरकायचं. या पद्धतीने नावं चांगली तपासली जातात. पण हातातलं हाड जनावराच्या अंगात कसं बसतं, दोन अवयवांच्या मधे काय आहे, इथे सुई टोचली तर वाटेत काय काय लागेल, हे विद्यार्थ्याला उमगलं आहे का, त्याचा पत्ता तिच्यातून लागत नाही.

आणि पुढे उपयोगी पडतं ते नेमकं हेच. पोटफुगी झालेल्या म्हशीच्या डाव्या भकाळीत (बरगड्यांमागच्या कुशीच्या खळग्यात) ट्रोकार (वायू काढायची नळीची जाड सुई) घालणाऱ्या पशुधन विकास अधिकाऱ्याला आत न पाहता आतलं दिसावं लागतं. गुदमार्गातून हात घालून गाभण तपासणी करताना तर डोळे कामालाच येत नाहीत. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा पशुवैद्यकाच्या पदवीचा, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. शरीररचना शिकवली जाते पहिल्या वर्षात आणि तिची खरी गरज पडते शस्त्रक्रिया आणि प्रजननशास्त्राच्या वर्षांत. मधल्या काळात नावं विसरली तर पुस्तक उघडून सापडतात. जागेची समज मुळात तयार झाली नसेल, तर पुस्तक उघडून ती येत नाही. मी हा विषय शिकवते, अशा परीक्षा घेते, आणि कुठे गोंधळ होतो ते पाहत आले आहे. तुमचा तो गोंधळ टळावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. नेमकं काय तपासायचं ते आधी ठरवा

‘थ्री-डी समज’ असं ढोबळ मनात ठेवून प्रश्न काढायला बसलात, तर प्रश्न पुन्हा नावांवरच येतात. म्हणून त्याचे तुकडे करा. मी चार करते.

पहिला, दिशा: सुटं हाड किंवा अवयव हातात आल्यावर त्याची पुढची, मागची, आतली, बाहेरची बाजू सांगता येणं, आणि तो डावीकडचा की उजवीकडचा ते ठरवता येणं. दुसरा, संबंध: कशाच्या शेजारी काय, कशाखाली काय, बाहेरून आत जाताना कुठला थर आधी लागतो. तिसरा, छेद: अखंड शरीर एका पातळीवर कापलं तर कापलेल्या तोंडावर काय दिसेल, आणि उलट दिशेने, काप पाहून तो कुठला आहे ते ओळखणं. चौथा, प्रक्षेपण: आतला अवयव बाहेरच्या कातडीवर कुठे येतो.

या चौघांची एका कागदावर तक्ता-आखणी करा. उभ्या रकान्यांत हे चार प्रकार, आडव्या ओळींत अभ्यासक्रमातले भाग: पुढचा पाय, मागचा पाय, छाती, उदर, डोकं-मान, श्रोणी (कंबरेच्या हाडांमधली पोकळी). प्रत्येक प्रश्न यातल्या एका चौकटीत बसला पाहिजे. मुलांना ‘दिशा’ हाडांवर चांगली जमते आणि ‘छेद’ उदरात अजिबात जमत नाही, असं मी वारंवार पाहिलं आहे. सगळे प्रश्न हाडांवरच काढलेत तर ही उणीव तुमच्या नजरेला पडणारच नाही.

पहिल्याच वर्षी सगळी परीक्षा पालटू नका. एकतृतीयांश स्टेशनं (एकेका प्रश्नाची टेबलं) या धर्तीची ठेवा, बाकी नेहमीचं स्पॉटिंग राहू द्या. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना आणि विभागप्रमुखांना ते पचतं, आणि दोन्ही प्रकारच्या गुणांची तुलनाही करता येते.

२. साहित्य आणि कागदपत्रं

साहित्य:

- दोन्ही बाजूंची सुटी हाडं, एकाहून अधिक जनावरांची
- अखंड जोडलेला किमान एक सांगाडा (उत्तर पडताळायला, परीक्षेच्या वेळी झाकून ठेवायचा)
- गोठवून कापलेले शेळीचे काप
- जाड कापडाच्या, तोंडाला नाडी असलेल्या पिशव्या
- मातीकामाची माती किंवा मॉडेलिंग क्ले, दोरी, विणायच्या सुया
- पांढरा आणि रंगीत खडू, एक शांत जनावर, खोडा
- दोन वेगवेगळ्या दिशांनी काढलेले त्याच प्राण्याचे एक्स-रे
- हातमोजे, वाहतं पाणी, हवेशीर जागा

कागदपत्रं:

- विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम आणि परीक्षा नियमावली. प्रॅक्टिकलच्या गुणविभागणीत तुम्हाला किती मोकळीक आहे ते त्यातूनच कळतं
- वर सांगितलेला तक्ता, विभागप्रमुखांच्या सहीसह
- प्रत्येक स्टेशनची उत्तरसूची, नमुन्याच्या फोटोसकट
- गुणदानाचे निकष
- स्टेशनांचा नकाशा आणि विद्यार्थ्यांचे सांकेतिक क्रमांक
- निकाल संशोधनासाठी वापरणार असाल तर मानवी संशोधनाच्या नैतिक समितीची मंजुरी आणि विद्यार्थ्यांचं संमतीपत्र

शेवटच्या मुद्द्याकडे पुष्कळांचं दुर्लक्ष होतं. आपलं काम जनावरांवरचं, म्हणून प्राणी-नैतिकता समितीचं पत्र असलं की झालं, असं आपण धरून चालतो. पण इथे अभ्यास विद्यार्थ्यांचा होतो, आणि विद्यार्थी माणसं आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं अशा वेळी लागू पडतात. तुम्हीच त्यांचे परीक्षक असल्यामुळे मुलांना ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. तेव्हा संमती घ्यायला विभागाबाहेरच्या सहकाऱ्याला पाठवा, आणि नकाराचा गुणांवर काहीही परिणाम होणार नाही हे लेखी द्या.

नमुन्यांविषयी एक गोष्ट आपल्याकडची. महाराष्ट्रात २०१५ पासून गायींबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे कत्तलखान्यातून जे अवयव मिळतात ते म्हशीचे आणि शेळ्यामेंढ्यांचे. पाठ्यपुस्तकं मात्र बैल आणि घोडा पायाला धरून लिहिलेली. म्हणून उत्तरसूची पुस्तकातून उतरवू नका. समोरचा नमुना हातात घेऊन तयार करा.

३. काप तयार करणं

या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं साधन म्हणजे गोठवलेल्या शेळीचे आडवे काप. एकदा नीट केले की वर्षानुवर्षं पुरतात. नैसर्गिकरीत्या मेलेली शेळी, संसर्गजन्य आजाराची शंका नसलेली, लवकरात लवकर मिळवा. उशीर झाला की रुमेनमध्ये (जठराच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात) वायू साठतो, तो फुगतो आणि बाकीचे अवयव ढकलले जातात. मग कापात दिसते ती मेल्यानंतरची स्थिती, जिवंतपणीची नव्हे.

सगळ्यात मोठा सापळा गोठवण्यातच आहे. फ्रीझरमध्ये जागा कमी, म्हणून शेळी कुशीवर आडवी टाकली जाते. तशीच गोठली की अवयव त्या बाजूला कललेले राहतात आणि पुढे कायम ती कललेली रचनाच ‘बरोबर उत्तर’ ठरते. उभ्या जनावराची रचना हवी असेल तर धड पट्ट्यांनी लोखंडी चौकटीला टांगून, पाठ वर आणि पोट खाली ठेवून गोठवा. पूर्ण गोठायला वेळ लागतो. गाभा मऊ राहिला तर करवतीखाली आतडी फरफटतात.

कापायच्या आधी कातडीवर प्रत्येक रेघेचा मणक्याचा क्रमांक आणि बाजू नोंदवून फोटो काढा. बँडसॉवर (पट्ट्याच्या यांत्रिक करवतीवर) दोन-तीन सेंटीमीटर जाडीचे काप घ्या, गार पाण्याने भुसा धुवा आणि १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. प्रत्येक कापाला पुढचं तोंड आणि मागचं तोंड अशी दोन वेगळी लेबलं लावा. एकाच कापाच्या दोन तोंडांवर डावं-उजवं उलटं दिसतं: पुढच्या तोंडाकडे बघताना जनावराची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते, मागच्या तोंडाकडे बघताना डाव्याच हाताला. हे लेबल नसेल तर परीक्षक, विद्यार्थी आणि उत्तरसूची तिघंही तीन ठिकाणी असतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काप वाहत्या पाण्यात धुवून घ्या. फॉर्मॅलिनने डोळे झोंबत असताना दिलेली उत्तरं समज मोजत नाहीत.

४. प्रश्न घडवणं

सोपी कसोटी: नुसतं पाठांतर करून हा प्रश्न सुटेल का? सुटत असेल तर तो इथे नको.

हाड अंगात जसं असतं तसं धरणं. स्कॅपुला (खांद्याचं पसरट हाड) टेबलावर उलटी-तिरकी ठेवा. विद्यार्थ्याला सांगा, “शेळी माझ्याकडे तोंड करून उभी आहे असं समज. आता हे हाड तिच्या अंगात असतं तसं धर, आणि डावं की उजवं ते सांग. कशावरून ठरवलंस तेही सांग.” स्पाइन (हाडावरची उंच कड) बाहेरच्या बाजूला, ग्लेनॉइड (सांध्याची वाटी) खाली, स्पाइनपुढचा अरुंद सुप्रास्पायनस खड्डा पुढे, या तीन खुणांवरून उत्तर निघतं. फीमरला (मांडीच्या हाडाला) डोकं आत, ट्रॉक्लिया (गुडघ्याच्या वाटीची खाच) पुढे. ह्युमरसला (खांदा ते कोपराच्या हाडाला) डोकं मागे, कोपराजवळचा ओलेक्रेनन खड्डाही मागे. ‘जनावर तुझ्याकडे पाहतंय’ आणि ‘जनावर तुझ्याच दिशेने पाहतंय’ अशी दोन्ही वाक्यं आलटूनपालटून वापरा. पहिल्यात विद्यार्थ्याला मनातलं जनावर फिरवावं लागतं, आणि खरा फरक तिथेच दिसतो.

कारण न विचारता फक्त ‘डावं की उजवं’ विचारू नका. तो छापा-काटा होतो. अशी १० हाडं ठेवली, तर काहीही न येणाऱ्यालाही सरासरी ५ गुण मिळतात, आणि ८ किंवा अधिक मिळण्याची शक्यता ५ टक्क्यांहून थोडी जास्त असते. ८० जणांच्या वर्गात असे चार-पाच नशीबवान निघू शकतात. बाजूला एक गुण आणि खुणांना दोन, असं ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

पिशवीतलं हाड. हाड कापडी पिशवीत, दोन्ही हात आत, बघायची मुभा नाही. कुठलं हाड, कुठली बाजू, आणि पुढच्या कडेवर अंगठा ठेवून दाखव. प्रश्न छोटा आहे, पण गुदमार्ग तपासणीशी सर्वांत जवळचं नातं याचंच. लेखी परीक्षेत मागे राहणारी काही मुलं इथे अतिशय आत्मविश्वासाने हाड फिरवतात. परदेशात पशुवैद्यक सारा बेली यांनी गुदमार्ग तपासणीच्या सरावासाठी ‘हॅप्टिक काऊ’ नावाचं, स्पर्शाचा भास देणारं संगणकीय यंत्र विकसित केलं. आपल्याला तसं यंत्र परवडलं नाही तरी पिशवी नक्की परवडते.

काप आधी काढून दाखवणं. विद्यार्थ्याला शेळीची डाव्या बाजूची बाह्यरेषा द्या, तिसऱ्या कमरमणक्यावर उभी रेघ मारा आणि विचारा, “इथे कापलं, आणि तू मागच्या तोंडाकडे बघतोयस. काय दिसेल ते काढ.” चांगल्या उत्तरात डावीकडे मोठा रुमेन असतो, आतडी उजवीकडे सरकलेली असतात, आणि डावं मूत्रपिंड मध्यरेषेच्या उजवीकडे लोंबतं दिसतं. भरलेला रुमेन त्याला तिकडे ढकलतो. ज्याने ‘डावं मूत्रपिंड’ या नावावरून जागा ठरवली तो ते डावीकडे काढतो. पाठांतर आणि समज वेगळी करणारं यापेक्षा सुंदर उदाहरण मला तरी माहीत नाही. उलट प्रश्नही घ्या: काप समोर ठेवा आणि तो कुठल्या मणक्यांच्या दरम्यानचा आहे ते सांगाड्याच्या चित्रावर दाखवायला सांगा.

सुईची वाट. विणायची सुई आणि मातीचं धड, किंवा नुसतं चित्र. डाव्या भकाळीतून ट्रोकार: कातडी, बाहेरचा तिरका स्नायू, आतला तिरका स्नायू, आडवा स्नायू, पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर), रुमेनची भिंत. हा क्रम पाठ होऊ शकतो, म्हणून पुढचा प्रश्न जोडा: “टोक कुठल्या दिशेने रोखशील?” उजव्या कोपराकडे, म्हणजे खाली, आत आणि पुढे. हे हातवाऱ्याने दाखवायला लावा. दुसरी सुई: उजवीकडे दहाव्या-अकराव्या बरगड्यांच्या मधल्या जागेतून यकृतात. इथे डायफ्रॅम (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) वाटेत येतो का, असं विचारलं की अर्धा वर्ग थबकतो. उदर शेवटच्या बरगडीनंतर सुरू होतं अशी त्यांची समजूत असते. डायफ्रॅमचा घुमट छातीत पार कोपराच्या पातळीपर्यंत पुढे येतो आणि उदरातले कितीतरी अवयव बरगड्यांच्या आडच असतात, हे चित्रात पाहूनही मनात उतरलेलं नसतं.

याच जातीचा तिसरा प्रश्न गिळलेल्या तारेचा. रेटिक्युलम (जठराचा सर्वांत पुढचा कप्पा) सहाव्या ते आठव्या बरगडीच्या पातळीवर, डायफ्रॅमला टेकून; पलीकडे लगेच हृदय. तार पुढे सरकली तर कुठले थर भेदत हृदयावरणात पोचते ते बोटाने रेखाटायला सांगा.

जिवंत जनावरावर खडू. खोड्यात उभी केलेली शांत म्हैस, एका वेळी एकच विद्यार्थी. काळ्या कातडीवर पांढरी रेघ ठळक उठते. हृदय कुठे ऐकशील, शेवटची बरगडी कुठली, रुमेनची हालचाल कुठे तपासशील, शिंगाची नस बधिर करायला सुई कुठे? बरगड्या मागून पुढे मोजायला शिकवलं आहे ना, तेही इथे कळतं, कारण पुढच्या बरगड्या खांद्याआड असतात. शिंगाच्या नसेसाठी डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या साधारण मध्यावर, कपाळाच्या हाडाच्या कडेखाली. एका तासात जनावराला किती वेळा हात लागतो याचा विचार करा. ते अस्वस्थ झालं की थांबा, आणि बदली जनावर आधीच सांगून ठेवा.

एक्स-रेवर एखादा प्रश्न पुरे. कुत्र्याची बाजूने (लॅटरल) काढलेली एकच फिल्म देऊन, छातीतली सावली डाव्या फुफ्फुसात आहे की उजव्या, असं विचारा आणि ‘या एका फिल्मवरून सांगता येणार नाही, दुसऱ्या दिशेची फिल्म हवी’ या उत्तराला पूर्ण गुण द्या.

प्रश्न घडवतानाचे सापळे. पुस्तकांतली चित्रं बहुतेक ठरावीक बाजूने काढलेली असतात. तीच बाजू परीक्षेत दिली तर मुलं चित्र आठवतात, मनात जनावर फिरवत नाहीत. म्हणून नेहमी उलटी बाजू, तिरका कोन किंवा वरून दिसणारं दृश्य द्या. दुसरं, विभागातली हाडं मुलांच्या ओळखीची असतात: ‘तडा गेलेला फीमर डावा’, ‘लाल शाईचा आकडा असलेला उजवा’. परीक्षेसाठी वेगळा संच कुलपात ठेवा. तिसरं, दिशांचे शब्द. माणसाच्या शरीररचनेची पुस्तकं वाचलेली मुलं पुढच्या बाजूला ‘अँटिरिअर’ म्हणतात. चार पायांच्या जनावरात क्रॅनिअल (डोक्याकडचं) आणि कॉडल (शेपटीकडचं) म्हणायचं, आणि पुढच्या पायात कार्पसच्या (मनगटाच्या सांध्याच्या) खाली डॉर्सल (पुढचं) आणि पामर (मागचं). हा शब्दाचा गोंधळ आणि जागेचा गोंधळ वेगवेगळे मोजा. बोट बरोबर जागी असेल तर जागेचे गुण पूर्ण द्या.

त्याच कारणाने भाषेची सक्ती नको. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला रुमेनच्या वरच्या कप्प्याचा आकार इंग्रजी वाक्यात मांडता येत नसेल, पण मातीत दोन मिनिटांत करता येत असेल, तर तिला तो कळला आहे. दाखवणं, रेखाटणं, मातीत घडवणं आणि मराठीत बोलणं, या सगळ्यांना उत्तर म्हणून मान्यता द्या आणि हे आधीच जाहीर करा.

५. उत्तरसूची आणि गुणदान

कापाच्या चित्राला १० गुण असतील तर मी असे वाटते: कुठलं तोंड, वरची बाजू आणि डावं-उजवं स्पष्ट लिहिल्याचे २, त्या पातळीवर असायला हवेत ते अवयव असणं आणि नकोत ते नसणं याचे २, अवयवांचे परस्परसंबंध ४, आकारांचं ढोबळ प्रमाण १, पोटाच्या भिंतीचे थर १. चित्रकलेचे शून्य. हे शून्य वर्गात मोठ्याने सांगा, नाहीतर चित्रकला कच्ची असलेली मुलं कोरा कागद देतात.

संपूर्ण आरसा-प्रतिमा काढलेलं उत्तर हमखास येतं: सगळे संबंध बरोबर, फक्त डावं-उजवं उलटं. त्याला काय द्यायचं ते आधी ठरवा. मी संबंधांचे गुण देते, दिशेचे देत नाही. दोन परीक्षकांनी तेच कागद एकमेकांचे गुण न पाहता तपासावेत, आणि दोनाहून अधिक गुणांचा फरक पडला तिथे एकत्र बसावं. पहिल्या दहा कागदांतच कळतं की निकष कुठे धूसर आहे.

६. परीक्षेचा दिवस

८० विद्यार्थी, १० स्टेशनं, प्रत्येकी २ मिनिटं. एका फेरीत १० जण, म्हणजे २० मिनिटं. ८ फेऱ्यांना २ तास ४० मिनिटं, वर जागा बदलायचा वेळ. दोन समांतर रांगा लावल्या तर निम्म्यात संपतं, पण दोन्हीकडचे नमुने सारखे कठीण हवेत. कापाच्या चित्राला दोन मिनिटं पुरत नाहीत. ते स्टेशनांतून काढून सगळ्यांकडून एकाच वेळी, वर्गात बसवून लिहून घ्या. जिवंत जनावराचं स्टेशनही वेगळ्या दिवशी ठेवा.

परीक्षा दिलेली आणि न दिलेली मुलं एकमेकांना भेटू नयेत अशी बसायची सोय करा. दर फेरीनंतर हाड हलवून ठेवा. आधीच्या विद्यार्थ्याने ते बरोबर धरून तसंच टेबलावर ठेवलं तर पुढच्याला उत्तर आयतं मिळतं. हे काम एका सहायकाला नेमून द्या, परीक्षकाकडून ते राहून जातं. प्रत्यक्ष परीक्षेआधी एम.व्ही.एस्सी.च्या (पदव्युत्तर) विद्यार्थ्यांवर एकदा तालीम घ्याच.

७. निकाल वाचणं

प्रत्येक प्रश्नाला दोन आकडे काढा. एक, किती टक्के मुलांना तो आला. दुसरा, तो हुशार आणि कच्च्यांत भेद करतो का. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्या. ८० जणांत ते २२-२२ होतात. वरच्यांपैकी १८ आणि खालच्यांपैकी ७ जणांना आला असेल, तर फरक ११, भागिले २२, म्हणजे ०.५. उत्तम प्रश्न. ०.२ च्या खाली असेल तर पुन्हा पाहा. आकडा उणे आला, म्हणजे हुशारांचं चुकलं आणि कच्च्यांचं बरोबर आलं, तर आधी स्वतःची उत्तरसूची तपासा. अशा वेळी बहुधा कापाच्या तोंडाचं लेबल उलटं लागलेलं असतं. तसं निघालं तर सगळ्यांना त्या प्रश्नाचे गुण द्या आणि कारण फलकावर लावा.

नंतर स्पॉटिंगचे गुण आणि या स्टेशनांचे गुण शेजारी मांडा. स्पॉटिंगमध्ये वर आणि इथे खाली असलेली मुलं शोधा. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं, कारण आजवर ती उत्तीर्णच होत आलेली असतात.

८. सर्वसाधारण अवकाशीय चाचण्या

शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये घनांच्या आकृत्या देऊन दाखवलं की आकृती जितकी जास्त फिरवलेली, तितका ती ताडून पाहायला जास्त वेळ लागतो. त्यावरून १९७८ मध्ये व्हँडेनबर्ग आणि कूझ यांनी गटाला देता येणारी कागदी चाचणी केली: चार पर्यायांतले दोन बरोबर, दोन्ही ओळखले तरच गुण. अंदाजाने जुळायची शक्यता सहात एक. छेदांसाठी ३० प्रश्नांची सांता बार्बरा सॉलिड्स टेस्ट आहे. आपल्या विषयाला मला ती जास्त जवळची वाटते.

या चाचण्या वर्षाच्या सुरुवातीला, गुणांशिवाय, फक्त मदत कुणाला लागेल हे पाहायला वापरा. वापराची परवानगी मूळ लेखकांकडून घ्या. त्यांवरून प्रवेश, श्रेणी किंवा शस्त्रक्रियेची निवड ठरवू नका. वेळेच्या बंधनात घेतलेल्या फिरवण्याच्या चाचण्यांत मुलींचे सरासरी गुण मुलांपेक्षा कमी येतात. तेवढ्यावरून एखाद्या विद्यार्थिनीला ‘तुला जमणार नाही’ असं सुचवणं अन्यायाचं आहे आणि चूकही आहे. ही कौशल्यं सरावाने वाढतात, हे २०१३ मध्ये २१७ अभ्यास एकत्र तपासून मांडलं गेलं आहे.

९. मागे राहिलेल्यांसाठी

गुण लावून थांबू नका. दोन आठवड्यांत त्यांना बोलवा आणि हाडांचा संच घरी किंवा वसतिगृहावर न्यायला द्या. प्रत्येक काप बघण्याआधी तो कागदावर काढायचा, मग झाकण उघडून ताडायचा, अशी सवय लावा. काप नुसते पाहून फारसं साधत नाही. दोरीने शेळीच्या आतड्याची चक्राकार गुंडाळी घडवायला सांगा: आधी आत जाणारे वेढे, मध्याशी वळण, मग बाहेर येणारे. ती हाताने करून झाल्याशिवाय डोक्यात बसत नाही. डिसेक्शनमध्ये (शवविच्छेदनात) अवयव बाहेर काढण्याआधी एकाने डोळे मिटून हाताने चाचपावा आणि बाकीच्यांना वर्णन करून सांगावा.

सहा-आठ आठवड्यांनी त्याच चौकटींतले, पण वेगळे नमुने घेऊन पुन्हा तपासा. तेच हाड पुन्हा दिलंत तर हाडाची ओळख मोजली जाईल. दोन्ही वेळचे गुण सांकेतिक क्रमांकाने जपून ठेवा आणि हीच मुलं प्रजननशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पोचतील तेव्हा तिथल्या शिक्षकांना, मुलांच्या परवानगीने, दाखवा. गाभण तपासणीच्या पहिल्या सत्रात कुणाच्या शेजारी जास्त वेळ उभं राहायचं, हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.